हुकमाचा अर्थ आणि वक्त्याचे तात्पर्य

सुट्या शब्दांतून वाक्याचा अर्थ कसा उभा राहतो, यावर न्याय आणि मीमांसा या दर्शनांत बराच खल झाला आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ त्याची तीन कारणे देतो : आकांक्षा (शब्दाला दुसऱ्या शब्दाची असलेली गरज), योग्यता (अर्थांचा मेळ) आणि संनिधी (शब्दांची जवळीक). ‘भाषापरिच्छेद’ त्यांत तात्पर्यज्ञानाची, म्हणजे वक्त्याचा हेतू कळण्याची, भर घालतो. हे चौथे कारण खरोखर लागते का, हे तपासायला कमांड लाइन फार चांगली जागा आहे. तिथल्या श्रोत्यापुढे शब्दांखेरीज काहीच नसते.

प्रोग्रामला मिळते ती शब्दांची नुसती यादी. २०१० साली पायथन भाषेच्या २.७ आवृत्तीबरोबर आलेले ‘आर्गपार्स’ हे मॉड्यूल तिचा अन्वय लावते. छपाईच्या प्रोग्रामला प्रतींचा ऑप्शन दिला, पण आकडा दिलाच नाही, तर आकांक्षा अपुरी राहते आणि आर्गपार्स तिथेच अडते. आकडा ऑप्शनला लागून न येता मध्ये फाइलचे नाव आले, तर संनिधी मोडते. ते नावच आकडा म्हणून वाचले जाते आणि योग्यतेअभावी नाकारले जाते. नैयायिकांचे ‘अग्नीने शिंपतो’ हे उदाहरण याच जातीचे.

खरी अडचण पुढे आहे. युनिक्समध्ये फाइली पुसणाऱ्या ‘आरएम’पुढे तारांकन दिले, की शेल, म्हणजे हुकूम वाचणारा प्रोग्राम, त्या जागी फोल्डरमधली नावे मांडतो. त्यांत एका फाइलीचे नाव ‘-आर’ असले, तर आरएम त्याला ऑप्शन समजतो आणि आतले फोल्डरही पुसतो. तिन्ही कारणे जागेवर आहेत, पण तो हुकूम कोणीच दिलेला नाही.

‘भाषापरिच्छेदा’वरच्या ‘सिद्धान्तमुक्तावली’ या टीकेने पोपटाच्या बोलण्याचा विचार केला आहे तो अशाच पेचातून. पोपटाला काही सांगायचे नसते, तरी ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. म्हणून तिथे तात्पर्य ईश्वराचे मानले आहे, वेदाबाबत मानतात तसेच. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय, त्यामुळे वक्त्याच्या इच्छेचा प्रश्नच येत नाही. आरएम त्यांच्या पंथातला वाटेल, पण तसे म्हणणे मीमांसकांवर अन्याय आहे. ते प्रकरण, म्हणजे संदर्भ, पाहून अर्थ ठरवतात, आरएमला प्रकरणच नसते.

यावर पोसिक्स या युनिक्सच्या मानकाचा संकेत असा : नुसत्या दोन आडव्या रेघांचा सुटा शब्द आला, की पुढचा एकही शब्द ऑप्शन धरायचा नाही. हेतू सांगायला वेगळे चिन्ह लागते, याचा अर्थ तो बाकीच्या शब्दांत नव्हता. इथे तात्पर्य लागते हे नैयायिकांचेच म्हणणे टिकते. आर्गपार्सही हा संकेत पाळते, मात्र त्या रेघा हुकूम देणाऱ्यानेच आधी लिहाव्या लागतात.