घराण्याचा वारसा आणि आपला न्याय

“त्यांच्या घराण्यात वेड आहे,” एवढी कुजबूज पुरते आणि जमत आलेले लग्न मोडते. आपल्या ख्रिस्ती मंडळ्याही याला अपवाद नाहीत. म्हणून मानसिक आजार वंशपरंपरेने येतो काय, हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. तो आपल्या सदसद्विवेकबुद्धीचाही आहे.

वैद्यकशास्त्र काय म्हणते ते आधी पाहू. स्किझोफ्रेनिया हा आजार ढोबळमानाने शंभरात एकाला होतो. आईवडिलांपैकी एकाला तो असल्यास मुलांत हे प्रमाण शंभरात सुमारे दहा होते. तेव्हा आनुवंशिकता खरी आहे. परंतु उरलेल्या नव्वदांना तो होत नाही, हेही तितकेच खरे. एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार झाला म्हणजे दुसऱ्याला होतोच असे नाही. वारशाने येते ती प्रवृत्ती. जन्मसमयीची गुंतागुंत, बालपणीचे आघात, गांजाचे व्यसन यांचाही त्यात वाटा असतो.

ही मर्यादा विसरल्याचा परिणाम जर्मनीत दिसला. तेथे १९३३ च्या कायद्याने ‘आनुवंशिक रोगी’ ठरवून सुमारे चार लाख लोकांची सक्तीने नसबंदी झाली. पुढे १९३९ पासून हजारो मनोरुग्णांना ठार मारण्यात आले.

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे असे विचारले, तेव्हा प्रभूने दोष त्याच्यावर ठेवला नाही, आईबापांवरही नाही (योहान ९). मग आपण कोणत्या अधिकाराने ठेवतो?

तर लग्न ठरविताना आजार लपवावा काय? वधूला किंवा वराला स्वतःला आजार असेल, तर तो लपविणे ही फसवणूकच होय. मात्र आत्याच्या किंवा मामाच्या आजाराची वाच्यता करण्याचा हक्क शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाही. कोणी म्हणेल, “खरे सांगितले तर स्थळ हातचे जाईल.” जाईलही. म्हणूनच ऐकणाऱ्याचीही जबाबदारी मोठी आहे. जेथे खरे बोलणाऱ्याला शिक्षा होते, तेथे लोक खोटे बोलावयास शिकतात आणि उपचारही चोरून घेतात, किंवा घेतच नाहीत.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती. वर्गातील एखाद्या मुलाची आई आजारी असेल, तर त्याच्या प्रत्येक हट्टात आजाराची चिन्हे शोधू नका. त्याला इतरांसारखेच वागवा. खरोखर काळजी वाटली, तर पालकांशी एकांतात बोला व लवकर डॉक्टरांकडे जाण्यास धीर द्या.