हस्तलिखिताचा धनी कोण?

इ. स. १९३० च्या सप्टेंबर महिन्यात बंगळूर येथे आजीच्या घरी राहणाऱ्या एका तरुणाने एक कोरी वही विकत आणली. लेखनारंभाचा दिवस शुभ म्हणून आजीनेच ठरवून दिला होता. काय लिहावे या विचारात तो लेखणीचे टोक चावीत बसला असता त्याच्या मनःचक्षूंसमोर प्रथम एक लहानसे रेल्वे स्टेशन उभे राहिले आणि त्यामागोमाग मालगुडी नावाचे गाव. तो तरुण म्हणजे पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून जगभर ओळखले गेलेले आर. के. नारायण. बंगळूरमधील मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या दोन वस्त्यांच्या नावांतून ‘मालगुडी’ घडले, अशी एक समजूत रूढ आहे. लेखकाने स्वतः सांगितलेली हकीकत मात्र त्या वहीची आणि त्या स्टेशनाची आहे.

पुढील चार-पाच वर्षांचा इतिहास कोणत्याही नव्या लेखकाला ओळखीचा वाटेल असा आहे. नोकरी नाही, लेखनावर जगण्याचा हट्ट मात्र आहे. आणि पहिल्या वर्षाची लेखनाची एकूण प्राप्ती ९ रुपये १२ आणे. कादंबरीचे बाड एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले आणि प्रत्येक वेळी नकार घेऊन परतले. नारायण यांचा म्हैसूरचा मित्र पूर्णा तेव्हा ऑक्सफर्डला शिकत होता. बाड अखेर त्याच्या हाती राहिले. नकारांनी थकलेल्या लेखकाने त्याला कळवले, की हस्तलिखिताला वजन बांधून ते थेम्स नदीत बुडवून टाकावे. पूर्णाने ते केले नाही. त्याने बाड ग्रॅहॅम ग्रीन या कादंबरीकाराच्या हाती दिले. ग्रीनने लेखकाला पाहिलेही नव्हते. तरी त्याने आपला शब्द खर्ची घालून प्रकाशक मिळवून दिला. १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ प्रसिद्ध झाली.

ही कथा सहसा चिकाटीचे फळ म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यात चिकाटी कोणाची होती? लेखकाने तर हात टेकले होते. कथेच्या गाभ्याशी आहे ती एका मित्राची अवज्ञा. म्हणून तिच्यातून उद्भवणारा प्रश्न यशाचा नसून नीतीचा आहे. लेखकाने स्पष्ट शब्दांत दिलेली आज्ञा मोडण्याचा अधिकार पूर्णाला कोणी दिला?

या प्रश्नाचा विचार करताना मराठी वाचकाला इंद्रायणीचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. तुकोबांना आपल्या वह्या डोहात बुडवाव्या लागल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, असे परंपरा सांगते. त्या वह्या लोकांच्या मुखी होत्या म्हणून तरल्या, असा अर्थ आधुनिक काळात अनेकांनी लावला. चमत्कार माना अथवा लोकस्मृती, एक गोष्ट निर्विवाद आहे: बुडवण्याचा निर्णय तुकोबांचा नव्हता. तो इतरांचा निवाडा होता आणि सत्तेच्या बळावर लादला गेला होता. असा निवाडा मोडून ज्यांनी अभंग कंठात आणि कागदावर राखले, त्यांच्या नैतिक अधिकाराविषयी कोणी शंका घेणार नाही.

दुसऱ्या टोकाला फ्रान्झ काफ्का आहे. आपल्यामागे आपले अप्रकाशित लेखन न वाचता जाळून टाकावे, असे त्याने मॅक्स ब्रोड या मित्राला लिहून ठेवले होते. १९२४ साली काफ्का वारला आणि पुढच्याच वर्षी ब्रोडने ‘द ट्रायल’ प्रसिद्ध केली. आपण ही इच्छा पुरी करणार नाही, हे काफ्काला आधीच सांगितले होते, असा खुलासा ब्रोडने केला. तरीही वाचकाचे मन पुरते निश्चिंत होत नाही. काफ्काला कोणी सक्ती केली नव्हती, आणि लेखनाविषयीचा त्याचा असंतोष हा त्याच्या स्वतःच्या कठोर कसोटीतून आलेला होता. शिवाय मृत माणसाला आपले मत बदलण्याची संधी नसते. ब्रोडमुळे जगाला लाभ झाला. पण लाभ झाला एवढ्याने कृत्य न्याय्य ठरत नाही.

नारायण यांचे प्रकरण या दोहोंच्या मध्ये पडते. त्यांच्यावर कोणी बळजबरी केली नव्हती. परंतु कादंबरी सदोष आहे, असा निष्कर्षही त्यांनी वही पुन्हा उघडून, वाक्य वाक्य तपासून काढलेला नव्हता. प्रकाशकांना ती नको होती, म्हणून ती त्यांनाही नकोशी झाली. सत्तेचा हुकूम बाहेरून येतो, तेव्हा तो परका आहे हे निदान कळते. बाजाराचा नकार पुनःपुन्हा कानी पडला, की तो लेखकाच्या स्वतःच्या आवाजात बोलू लागतो. थेम्सच्या आज्ञेतील हात नारायण यांचा होता, निवाडा उसना होता.

येथे मित्राच्या कर्तव्याची सीमा दिसू लागते. लेखकाने स्वतःच्या कसोटीवर लेखन पारखून ते नाकारले असेल, तर मित्राने मान तुकवावी. कारण अपूर्ण वाटणारी कृती मागे घेणे हाही लेखनाचाच एक भाग आहे. परंतु त्याने केवळ दुसऱ्यांचा नकार शिरोधार्य मानला असेल, तर मित्र त्या आज्ञेने बांधलेला नाही. हा भेद करणे अवघड आहे. खरी आत्मपरीक्षा कोणती आणि हताशा कोणती, हे पुष्कळदा लेखकालाही उमगत नाही. म्हणूनच पूर्णाची वागणूक विचारात घेण्याजोगी आहे. त्याने स्वतः न्यायाधीश होण्याचे टाळले. त्याने फक्त बुडवणे लांबणीवर टाकले आणि आणखी एका जाणत्या वाचकापुढे वही ठेवली. लेखक हयात होता. ते बाड परत मागवण्याची वाट त्याला मोकळी होती.

पुस्तक निघाले म्हणजे सारे पालटले, असेही झाले नाही. ग्रीनच्या सूचनेवरून नारायणस्वामी या नावाचे ‘नारायण’ झाले. परीक्षणे अनुकूल आली, परंतु खप बेताचाच राहिला; पहिल्या चार कादंबऱ्यांना लंडनमध्ये चार निरनिराळे प्रकाशक शोधावे लागले. १९३९ साली पत्नीचे निधन झाले आणि काही काळ लेखणी थांबली. १९४१ मध्ये काढलेले ‘इंडियन थॉट’ हे नियतकालिक अल्पायुषी ठरले. महायुद्धाने लंडनची वाट अडवली, तेव्हा १९४२ साली त्यांनी म्हैसुरात स्वतःचीच प्रकाशनसंस्था उभारली. ‘द गाइड’ या कादंबरीला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला तो १९६० साली, म्हणजे बंगळूरच्या त्या वहीनंतर तीस वर्षांनी.

या पुरस्काराकडे बोट दाखवून पूर्णाचे कृत्य योग्य ठरवणे सोपे आहे. परंतु ते बरोबर नाही. पहिली कादंबरी प्रसिद्ध होऊन विस्मृतीत गेली असती, तरीही त्याने योग्यच केले असते. आणि ती थेम्सच्या तळाशी गेली असती, तरी तिची गुणवत्ता तसूभरही कमी झाली नसती. तिला साक्षीदार तेवढा उरला नसता. किती तरी घरांच्या माळ्यांवर अशी बाडे पडून असतील, ज्यांना ना पूर्णा भेटला ना ग्रीन. त्यांच्या मौनावरून ती निकृष्ट होती, असे अनुमान काढता येत नाही.

हा प्रश्न लेखक आणि त्याचा मित्र यांच्यापुरता राहत नाही. ग्रंथालयात कित्येक वर्षे कोणी न नेलेले पुस्तक एक दिवस निर्लेखनासाठी बाजूला काढले जाते. जागा अपुरी असते आणि ग्रंथपालाचा नाइलाजही खरा असतो. मात्र त्या क्षणी तो पूर्णाच्याच जागी उभा असतो. मागणी नाही, ही एक नोंद आहे. त्या पुस्तकाविषयीचे मत नव्हे. ते मत बनवण्यासाठी ते एकदा उघडून वाचावे लागते.