किनारा नसलेला दिवस

लांब पल्ल्याच्या क्रूझची कार्यक्रमपत्रिका पाहिली, की बंदरांच्या नावांमध्ये काही ओळी अशा दिसतात ज्यांपुढे कोणत्याच गावाचे नाव नसते. तिथे फक्त ‘सी डे’ असे छापलेले असते. लॉस एंजेलिसहून होनोलुलूला जाणाऱ्या बोटीला सुमारे २,२०० सागरी मैल कापायचे असतात. २० नॉट वेग धरला तरी साडेचार दिवस लागतात, म्हणून पत्रिकेत हीच ओळ चारचारदा येते. शंभराहून अधिक दिवसांच्या जगप्रदक्षिणेत तर असे दिवस ढीगभर असतात. तिकीट काढणारा बंदरे मोजतो आणि हे दिवस वाटेतच गेले असे धरतो. कंपन्याही त्यांना कार्यक्रमांनी भरून काढायची पोकळी समजतात. मला मात्र वाटते, की क्रूझमध्ये खरोखर मोलाचे काही असेल, तर ते हेच दिवस आहेत. बंदरे विमानानेही गाठता येतात. भरसमुद्रातला दिवस दुसऱ्या कोणत्याही वाटेने मिळत नाही.

एके काळी हा दिवस प्रवासाची किंमत होती. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. एप्रिलमध्ये सुटलेल्या त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. वैद्यकीय शिक्षणासाठी त्यांनी मोजलेल्या किमतीत समुद्रावरचे ते दिवसही होते. पुढे आठच वर्षांनी या हिशेबाची दुसरी बाजू दिसली. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवर प्रवासी मिळत नसत आणि मोठ्या बोटी बसून राहत. हॅम्बर्ग-अमेरिका लाइनच्या अल्बर्ट बालिन यांनी जानेवारी १८९१ मध्ये ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राकडे धाडली. ही सुमारे दोन महिन्यांची सफर केवळ सुखासाठी होती. १९२२ मध्ये ‘लॅकोनिया’ प्रवाशांना घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. मग ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि बोटीने जाण्याची सक्ती जवळजवळ संपली. तेव्हापासून समुद्रावरचा दिवस हा कोणी लादलेला नाही, माणूस तो आपणहून निवडतो. म्हणूनच त्यात काय आहे, हा प्रश्न आज विचारण्याजोगा झाला आहे.

त्यात पहिली गोष्ट आहे अंतराची. २० नॉटने जाणारी बोट चोवीस तासांत सुमारे ८९० किलोमीटर जाते, म्हणजे मुंबई-नागपूर अंतराहून जास्तच. तीस मीटर उंचीच्या डेकवरून क्षितिज जेमतेम वीस किलोमीटरवर असते. म्हणजे दर अर्ध्या-पाऊण तासाला बोट आपले जुने क्षितिज मागे टाकते, आणि तरीही पाहणाऱ्याला आपण त्याच वर्तुळाच्या मध्यावर असल्यासारखे वाटते. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पाण्याखाली आहे, हे शाळेत पाठ केलेले वाक्य इथे पहिल्यांदा आकाराने कळते. दुसरी गोष्ट वेळेची. दर पंधरा रेखांशांना एक तास हा भूगोलातला नियम बोटीवर रोजच्या जगण्यात उतरतो. साउदम्प्टनहून न्यूयॉर्कला जाताना पाच तासांचा फरक एकदम अंगावर येत नाही. वाटेत घड्याळे एकेक तास मागे घेतली जातात आणि काही दिवस पंचवीस तासांचे होतात. विमान तेच पाच तास शरीरावर एका दमात आदळते आणि मग झोप कित्येक दिवस जाग्यावर येत नाही. १५२२ साली मॅगेलनच्या मोहिमेतली उरलेली बोट केप व्हर्दे बेटांवर पोहोचली, तेव्हा नोंदी चोख ठेवणाऱ्या पिगाफेत्ताच्या हिशेबाने बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. पृथ्वी गोल आहे आणि फिरते आहे, याची किंमत त्या खलाशांनी एका वाराने चुकवली. प्रवासाने माणसाला काही शिकवायचे असेल, तर जगाचे हे माप त्यात आधी यायला हवे.

असे असताना क्रूझचा धंदा नेमका याच दिवसावर कार्यक्रमांचा मारा करतो. कारण उघड आहे. बंदरात उतरलेला प्रवासी गावात खर्च करतो, भरसमुद्रात त्याला दुसरे दुकान नसते. तिकिटाबरोबरच मदार दारू, स्पा, दुकाने आणि कॅसिनोवर असते, आणि हा कॅसिनो बहुतेक ठिकाणी किनारी देशाच्या हद्दीबाहेर गेल्यावरच उघडतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर साडेसात हजारांहून अधिक प्रवासी मावतात आणि तिच्यावर पाण्याच्या घसरगुंड्यांचे अख्खे उद्यान आहे. लहान मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाला ते हवे असेल, आणि त्यात गैर काही नाही. पण समुद्र दिसू नये अशा बेताने दिवस आखला, तर बोट समुद्रावर नेण्याचे प्रयोजनच उरत नाही. तेच उद्यान जमिनीवर कमी खर्चात आणि कमी इंधनात उभे राहते.

समुद्रावरच्या दिवसाला मोलाचे मानण्यावर सर्वांत जड आक्षेप माणसांचा आहे. प्रवाशाचा निवांत दिवस दुसऱ्या कोणाच्या तरी भरगच्च दिवसावर उभा असतो. बंदराच्या दिवशी प्रवासी खाली उतरतात आणि स्वयंपाकघराला, खोल्या आवरणाऱ्यांना थोडी उसंत मिळते. समुद्राच्या दिवशी सगळे प्रवासी बोटीवर, तिन्ही त्रिकाळ. आपल्याकडे हे लांबचे वास्तव नाही. गोव्याच्या तारवटींनी, म्हणजे खलाशांनी, पिढ्यान् पिढ्या परदेशी बोटींवर नोकरी केली. मुंबईत धोबी तलाव परिसरातले गावागावांचे ‘कूड’ बोट मिळेपर्यंतच्या मुक्कामासाठीच उभे राहिले. २०२० च्या महासाथीत प्रवासी घरी गेले आणि हजारो कर्मचारी बोटींवर अडकून राहिले. तेव्हा हा दिवस कोणाच्या खांद्यावर चालतो, ते साऱ्या जगाने पाहिले. २०१३ पासून लागू असलेला सागरी कामगार करार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांतीची हमी मागतो. म्हणजे ही किमान अट पाळूनही आठवड्याला नव्वद तास काम शक्य आहे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण तो शांत दिवसाच्या विरोधात जात नाही. मध्यरात्रीपर्यंत चालणारी मेजवानी, अहोरात्र उघडी खानपानगृहे, तासातासाला नवा खेळ, हे सगळे कोणाच्या तरी झोपेतून वजा होते. प्रवाशाचा दिवस मोकळा ठेवला, तर कर्मचाऱ्याचा दिवस हलका करण्याला वाव मिळतो.

दुसरा आक्षेप समुद्राचाच आहे. स्वच्छ पर्याय म्हणून क्रूझची भलामण करता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियम बहुतेक समुद्रांत किनाऱ्यापासून बारा मैलांपलीकडे, चालत्या बोटीतून ठरावीक प्रमाणात, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्याचीही मुभा देतात. म्हणजे ज्या दिवशी प्रवाशाला पाणी सर्वांत निर्मळ दिसते, त्याच दिवशी कायदा सर्वांत सैल असतो. हा नियम कडक झालाच पाहिजे. इंधनाचा प्रश्न मात्र आपल्याला परत मूळ मुद्द्याकडे आणतो. बोटीला लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दहा टक्क्यांनी उतरवला, तर तेवढ्याच अंतराला चालनाचे इंधन सुमारे एक-पंचमांश वाचते. १९५२ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स’ या बोटीने अटलांटिक साडेतीन दिवसांत ओलांडून विक्रम केला. आजची ‘क्वीन मेरी २’ तोच महासागर ओलांडायला सात रात्री घेते, आणि पूर्वी सहा रात्रींत जाणाऱ्या या बोटीची सातवी रात्र नंतर वाढवलेली आहे. कोणी म्हणेल, दिवस वाढले की दिवे, वातानुकूलन आणि स्वयंपाकघर यांचा खर्चही वाढतो. खरे आहे. पण तो खर्च मोठा होतो तो दिवस भरण्याच्या हव्यासामुळे. हळू चालणारी, कमी दिव्यांची, लहान बोट हेच समुद्राच्या दिवसाचे खरे वाहन आहे. ज्याला तो दिवस हवा आहे, त्याला घाई नको असते, आणि हीच घाई आपण आज इंधनाने विकत घेतो.

शेवटी असेही विचारले जाईल, की एवढी शांतता कोकणच्या किनाऱ्यावर फुकट मिळते, मग बोट कशाला? किनाऱ्यावरची शांतता मोलाची आहेच. पण तिथे पाठीशी गाव असते आणि मनात आले की उठून जाता येते. बोटीवर पाठीशीही पाणीच असते. माणूस स्वस्थ बसलेला असतो आणि जग मात्र त्याच्या खालून मैलामैलाने सरकत असते. स्थिर बसून दूर जाण्याचा हा अनुभव किनारा देऊ शकत नाही. म्हणून या दिवसाकडे कंपन्यांनी आणि प्रवाशांनीही निराळ्या नजरेने पाहावे. बोटींवर दुपारी बारा वाजता स्थान नोंदवण्याची जुनी रीत आहे: अक्षांश, रेखांश, कालपासून कापलेले मैल. पत्रिकेतल्या त्या बिननावाच्या ओळीत हेच छापावे, त्याबरोबर खालच्या पाण्याची खोली आणि आज घड्याळ किती सरकले तेही. पृथ्वीवरच्या त्या ठिकाणाला गावाचे नाव नाही, पण पत्ता आहे. तो पत्ता ज्याला वाचावासा वाटेल, त्याचा त्या दिवसाचा प्रवास वाया गेलेला नसेल.