हंगाम संपल्यावर

मे महिना संपत आला, की आमच्या कोल्हापुरात दोन गोष्टी एकदमच घडतात. पश्चिमेला ढग जमू लागतात आणि शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे सामने उरकतात. दिवाळी उलटल्यावर सुरू झालेला हंगाम संपतो. इतके महिने एकमेकींकडे तिरक्या नजरेने पाहणाऱ्या शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ पुन्हा एकमेकींची विचारपूस करू लागतात. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ बाळगावेत, ही गोष्ट परगावच्या पाहुण्याला समजावून सांगावी लागते. आम्हांला तिचे काहीच नवल वाटत नाही.

माझा नातू अशाच एका तालमीच्या संघातून खेळतो. यंदा शेवटचा सामना खेळून तो घरी आला, जेवला आणि माजघरातल्या पलंगावर आडवा झाला. चार दिवस कोणी काही बोलले नाही. पाचव्या दिवशी त्याच्या वडिलांचा पारा चढला. "हातपाय हलवायला नकोत काय? गंज चढेल अंगाला!"

"पोराला जरा पडू दे की," आजीने नातवाची बाजू घेतली.

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिले. मी एके काळी खेळलेला माणूस. तेव्हा न्याय मी करायचा, असे ठरले.

न्याय करणे मला सोपे नव्हते. १९७५ साली मी उजव्या बगलेचा बॅक होतो. हंगामाच्या अखेरीस माझा गुडघा सुजला. त्या वेळी आम्हांला शिकवणारे एक गृहस्थ होते; त्यांचे नाव सांगत नाही. विश्रांती म्हणजे बायकी थेर, असे त्यांचे ठाम मत होते. शिवाय माझ्या जागेवर डोळा ठेवून एक पोरगा बसला होता. मी तो सगळा पावसाळा पळत काढला. जोतिबाच्या ओल्या पायऱ्यांवर सुजल्या गुडघ्याने चढउतार केली. दिवाळीपर्यंत गुडघ्याने हात टेकले, आणि त्या पोराला माझी जागा मिळाली. तो माझ्यापेक्षा चांगला खेळला, हेही कबूल केले पाहिजे.

माझा एक सोबती बरोबर उलट वागला. पैलवानाची खुराक चालू ठेवून त्याने चार महिने अंथरूण सोडले नाही. डिसेंबरात मैदानावर उतरला, तेव्हा दहा मिनिटांत त्याला धाप लागली.

आज हे सारे शास्त्राने नीट उलगडले आहे. नव्वद मिनिटांच्या सामन्यात खेळाडू सुमारे १० किलोमीटर धावतो. त्या धावण्याने शिणलेले स्नायू धावताना नव्हे, तर थांबल्यावर दुरुस्त होतात. उलट, तीन-चार आठवडे नुसते पडून राहिले, तर दमसास चांगलाच घटतो. अंगातली ताकद मात्र त्याहून अधिक काळ टिकते. म्हणून जाणते लोक सांगतात, की काही दिवस खुशाल पडा. मग पोहा, सायकल हाणा, चाला, पण चेंडूपासून थोडे लांब राहा. तालमीतला हौद पाहावा. कुस्ती असो वा नसो, तिथली लाल माती उकरावी लागते. उकरली नाही, तर ती दगडासारखी घट्ट होते.

हे सगळे मी नातवाला सांगितले. तो म्हणाला, "पण आबा, सायकल मारली तर ती विश्रांती कशी? तोही सरावच की!"

प्रश्न खोचक होता. पुढच्या हंगामासाठी घेतलेली विश्रांती ही विश्रांती असते, की पुढच्या हंगामाचा पहिला दिवस? पावसात पळताना मला दमायला होत नव्हते. मला भीती वाटत होती. जागा जाण्याची ती भीती मी अंथरुणात घेऊन पडलो असतो, तर पडूनही दमलोच असतो. नातवाच्या मनगटावर एक घड्याळ आहे. ते पावले मोजते, नाडी मोजते, इतकेच काय, झोपही मोजते. सकाळी उठून पोरगा आपण कसे झोपलो हे घड्याळाला विचारतो! मला हसू आले आणि त्याच क्षणी एक कल्पना सुचली. मी म्हणालो, "बाळ, विश्रांती म्हणजे काम नसणे नव्हे. जे करताना कोणी मोजत नाही, ती विश्रांती. घड्याळ काढ, आणि मग रंकाळ्याभोवती कितीही फीर."

व्याख्या मला फार आवडली. ती कुठेतरी लिहून ठेवावी, असे मनात येत होते, तेवढ्यात बाजूला बसून तांदूळ निवडणारी आमची मंडळी म्हणाली, "अहो, माझं काम तर या घरात कधीच कोणी मोजलं नाही. म्हणजे जन्मभर मी विश्रांतीच घेतली म्हणायची!"

मी गप्प झालो. मुलगाही गप्प झाला. नातू पलंगावर उठून बसला. माझ्या ध्यानात आले, की गेल्या पाच दिवसांत त्याच्या विश्रांतीवर आम्ही तिघांनी इतका खल केला, आणि त्या पाचही दिवसांत त्याचे ताट पलंगापाशी नेऊन देणारी ही बाई त्या खलात कुठेच नव्हती. तिचा हंगाम १९७९ साली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाला. तो कोणत्या महिन्यात संपतो, हे मी तिला कधी विचारले नाही. ते गृहस्थ विश्रांतीला बायकी म्हणत असत. त्यांनी ती कोणत्या बाईच्या घरी पाहिली होती, कोण जाणे!

"तुला काय वाटतं मग?" मी चाचरत विचारले. "विश्रांती म्हणजे काय?"

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "घेतली की सांगीन."

मी ताट माझ्याकडे ओढले आणि चष्मा लावला. ती उठली, मला वाटले, स्वयंपाकघरात जाईल. पण ती उंबऱ्यापाशी भिंतीला टेकून, पाय पसरून पावसाकडे बघत बसली. नातू पलंगावरून उतरून माझ्यासमोर मांडी घालून बसला.

"किती खडे निघाले, आबा?" त्याने हळूच विचारले.

"सात," मी म्हणालो. खरे सांगतो, मी मोजत होतो.