बॅटरी काढल्यावर

ज्ञान झाल्यावरही देह का टिकतो, यावर सांख्यकारिका कुंभाराच्या चाकाकडे बोट दाखवते: दांडा काढला तरी चाक जुन्या गतीने फिरतं. छोट्या मॉडेल विमानाचं इंजिन हाताळणाऱ्या मला हे अपुरं वाटतं. इंधन पेटवणाऱ्या ग्लो प्लगच्या प्लॅटिनम तारेला दीड व्होल्टची बॅटरी लावायची, इंजिन धडधडलं की काढायची. तरी तार लालच राहते! दाबाची उष्णता आणि इंधनातल्या मिथेनॉलशी होणारी क्रिया तिला दर फेरीला पेटती ठेवते. म्हणजे देह टिकवणारं प्रारब्ध सरत नाही, रोज नवं साठतं, इंधन संपेपर्यंत.

म्हैसूर सुमारे ७७० मीटर उंच. हवा विरळ, त्यात माझ्या इंधनात नायट्रोमिथेन जेमतेम ५ टक्के. म्हणून मी गरम प्लग घेतो आणि हेडखालची एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढतो; त्याने दाब वाढतो. थंड प्लग बॅटरी काढताच मान टाकतो. दाब फार वाढवला तर तारच तुटते.

शेजारचे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक, भारतीय तत्त्वज्ञानाचे अभ्यासक हिरियण्णा जिथे शिकवत त्या महाराजा कॉलेजाचे माजी विद्यार्थी, म्हणतात, ‘‘अहो, प्लॅटिनम क्रियेत खर्ची पडत नाही. तो सांख्यांच्या पुरुषासारखा नुसता साक्षी.’’

मला नाही पटत. साक्षी कधी पुण्याहून कुरिअरने मागवावा लागतो का?