गाठोडं ठेवायचं कुठे?

आगगाडीत बसलेला एक माणूस आपलं गाठोडं डोक्यावरच धरून बसतो. गाडी त्याला ओढते आहे आणि त्याच्यासोबत गाठोडंही ओढते आहे, तरी हा मान अवघडून घेतो. सगळ्या जगाचा भार ईश्वर वाहत असताना आपल्या काळज्या कवटाळून बसणारा माणूस रमण महर्षींना असा दिसला. ‘मी कोण?’ या त्यांच्या छोट्या पुस्तकात हा दृष्टांत येतो. १९०२च्या सुमारास शिवप्रकाशम पिळ्ळै यांनी तिरुवण्णामलैला जाऊन काही प्रश्न विचारले. रमण तेव्हा बोलत नसत, त्यांनी लिहून उत्तरं दिली आणि त्यातून पुढे हे पुस्तक आकाराला आलं. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटून तेव्हा पन्नासेक वर्षं होत आली होती. समुद्र आणि लाट, दोरी आणि साप यांच्यावर शतकानुशतकं काम भागवलेल्या वेदान्ताच्या हाती आता रेल्वेही लागली होती.

दृष्टांत देणाऱ्याला या प्रवासाची माहिती होती. १८९६च्या ऑगस्टअखेर सोळा वर्षांचा वेंकटरमण, म्हणजे पुढचे रमण, मदुरैहून निघाला तो गाडीनेच. थोरल्या भावाच्या कॉलेजची फी भरायला दिलेल्या पाच रुपयांतले तीन त्याने घेतले, दोन चिठ्ठीसोबत ठेवले. वाटेत पैसे संपले, तेव्हा कानातली कुडी गहाण टाकून चार रुपये उभे केले. १ सप्टेंबरला तिरुवण्णामलैला पोचल्यावर गहाण ठेवून घेणाऱ्यांच्या घरून मिळालेला खाऊचा पुडा त्याने तळ्यात भिरकावला आणि उरलेले पैसेही टाकून दिले. एवढंच त्याचं सामान. अशा प्रवाशाला गाठोडं खाली ठेवायचा सल्ला शोभतो.

सल्ला बिनचूकही आहे. सामान डोक्यावर असो की पायाशी, डब्याच्या चाकांवर येणारं वजन तेवढंच राहतं. फरक पडतो तो फक्त मानेला.

पण हा दृष्टांत सकाळी साडेआठच्या विरार लोकलमध्ये नेऊन पाहावा. तिथे ‘खाली’ नावाची रिकामी जागाच नसते, तिथे कुणाचे तरी पाय असतात. पाठीवरची सॅक पोटावर घेतली तर समोरच्याच्या पाठीला टोचते, वर धरली तर हात भरून येतो. मग ती चार अनोळखी हातांवरून खिडकीजवळच्या माणसापर्यंत जाते आणि तो ती रॅकवर टाकतो. मालक दाराशी लोंबकळत असतो. आपली वस्तू नजरेआड, अनोळखी लोकांच्या हवाली, आणि तरीही बोरिवलीपर्यंत निश्चिंत! शरणागतीवरच्या पुष्कळ प्रवचनांपेक्षा हे दृश्य जास्त शिकवतं. मात्र ते रमणांच्या दृष्टांतात बसत नाही, कारण तिथे प्रवासी आणि गाडी असे दोघंच आहेत. शेजारी कुणी नाही.

ओझं या विषयावर बुद्धाचं एक सबंध सूत्र आहे. संयुत्त निकायातल्या भारसुत्तात चार गोष्टी येतात: ओझं कोणतं, ते वाहणारा कोण, ते उचलणं म्हणजे काय आणि उतरवणं म्हणजे काय. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान हे पाच स्कंध म्हणजे ओझं. अमुक नावाचा, अमुक गोत्राचा माणूस ते वाहतो. तृष्णेमुळे ते उचललं जातं, तृष्णा विझली की उतरतं. यातल्या दुसऱ्या गोष्टीने पुढे बौद्ध पंडितांमध्ये मोठा वाद पेटला. वाहणारा वेगळा सांगितला आहे, तर ओझ्याहून निराळी व्यक्ती मानायला हवी, असं पुद्गलवाद्यांचं म्हणणं. वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या शेवटच्या प्रकरणात हे खोडून काढलं: आधीचे स्कंध नंतरच्या स्कंधांना जड होतात एवढंच, मधे वेगळा हमाल कुणी नाही. युक्तिवाद देखणा आहे. दादरच्या फलाटावर दंडाला बिल्ला बांधून उभ्या असलेल्या माणसापुढे तो मांडायला मात्र धीर लागेल. तिथे ओझं एकाचं असतं आणि मान दुसऱ्याची. २०१६च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी कुलीला ‘सहायक’ हे नाव दिलं. त्याने बॅगेचं वजन बदललं नाही.

जैन विचार वस्तूपेक्षा मनावर बोट ठेवतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रहाची व्याख्या ‘मूर्च्छा’ अशी केली आहे, म्हणजे वस्तूविषयीची आसक्ती. दिगंबर मुनी पिच्छी आणि कमंडलू घेऊन पायी विहार करतात, वाहनात बसतच नाहीत, म्हणून सामान ठेवायचं कुठे हा प्रश्न त्यांना पडत नाही. तो पडतो स्लीपर डब्यातल्या गृहस्थाला. सूटकेस बर्थखाली गेली, रमणांचं ऐकून झालं. आता फलाटावर घेतलेल्या साखळीने ती बर्थच्या कडीला बांधायची, कुलूप लावायचं आणि रात्री दर स्टेशनला उठून वाकून पाहायचं. ओझं खाली आहे, मूर्च्छा वरच्या बर्थवर जागी आहे. पण साखळी लावणाऱ्याला नुसतं हसून चालत नाही. मुलीच्या लग्नाच्या साड्या त्या बॅगेत असतील, तर त्या चोरीला गेल्यावर अपरिग्रहाचा उपदेश करायला कुणी येणार नसतं.

रेल्वेचं स्वतःचं तत्त्वज्ञान सरळ आहे. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलो सामान फुकट, वातानुकूलित पहिल्या वर्गाला ७०. संतांच्या हिशेबात पुढे जाणाऱ्याचं सामान कमी होत जातं, इथे दर्जा वाढला की दुप्पट होतं.

वारीत त्यागाचा हिशेब आणखी वेगळा लागतो. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते, गळ्यात टाळ किंवा डोईवर तुळस. त्याची वळकटी, कोरडे कपडे, दिंडीचे तंबू आणि स्वयंपाकाची भांडी ट्रकमधून जातात. यात ढोंग काही नाही. एकट्याने सगळं टाकून निघण्यापेक्षा चारशे जणांचं ओझं एका ट्रकात घालणं हा जास्त व्यवहारी त्याग आहे. मुंबईचे डबेवाले बहुतेक याच वारकरी परंपरेतले, मावळ-खेड-जुन्नरकडचे. लोकलच्या मालडब्यातून ते लाकडी पेट्या नेतात, त्यांत दुसऱ्यांची जेवणं असतात. ही पेटी खाली ठेवणं म्हणजे मुक्ती नव्हे, कुणाची तरी उपासमार.

रमणांच्या तमिळ मुलुखात जुन्या वाटांवर सुमैतांगी नावाचे दगड दिसतात: दोन उभे, त्यांवर एक आडवा, उंची साधारण माणसाच्या डोक्याइतकी. डोईवरचा जड भार एकट्याला उतरवताही येत नाही आणि पुन्हा उचलताही येत नाही. पाटीवाली बाई ‘जरा हात लावा’ म्हणते ते त्यामुळेच. निर्जन वाटेवर हात लावायला कुणी नसेल तर भार सरकवून टेकवायला हा दगड. पोटातल्या बाळासह दगावलेल्या बाईच्या स्मरणार्थ घरची माणसं असे दगड उभारत. तिला उतरवता न आलेलं ओझं येणाऱ्याजाणाऱ्याला तरी उतरवता यावं, ही त्यामागची भावना. ओझं उतरवायला आधी कुणीतरी काही बांधून ठेवावं लागतं, हे ज्या मुलुखात दगडात कोरलं गेलं तिथल्याच संताने गाडीचा दृष्टांत दिला. गाडीही कुणीतरी बांधलेलीच होती, हे त्यात गृहीत आहे.

मुंबईच्या लोकलमधला मालडबा हा तसाच एक टेकू. कोळणींच्या पाट्या, पालघर-सफाळ्याकडची भाजी, फुलांच्या करंड्या, डबेवाल्यांच्या पेट्या. गर्दीच्या वेळी बिनसामानाचे प्रवासीही त्यात घुसतात आणि वाद होतात. ज्येष्ठ नागरिकांना वेगळी जागा मिळावी म्हणून उच्च न्यायालयात याचिका झाली आणि गाडीतल्या मालडब्यांपैकी एक त्यांना द्यायचं रेल्वेने कबूल केलं. २०२५ मध्ये असा पहिला डबा मध्य रेल्वेच्या माटुंगा कारखान्यात तयार झाला. मागणी रास्त आहे, उभं राहून गुडघे धरणाऱ्याला बसायला मिळालंच पाहिजे. फक्त पासष्टीची कोळीण पाटी घेऊन फलाटावर आली, तर तिने कोणत्या डब्यासमोर उभं राहायचं, हे तिला आता ठरवावं लागेल. एका डब्यात तिच्या वयाला जागा आहे, दुसऱ्यात तिच्या मासळीला.