शेळी मेली, तोटा कोणाचा?

आमच्या गल्लीतल्या बचत गटाची बैठक आमच्या ओसरीवर भरायची. आई गटाची सचिव. मी नववीत होते आणि अक्षर बरं म्हणून वही लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. एका बैठकीला एक काकू आल्याच नाहीत. कर्ज काढून घेतलेली शेळी मेली होती, हप्ता निघत नव्हता. बाकीच्या बायका उठल्या आणि काकूंच्या दारात जाऊन बसल्या. भांडल्या नाहीत, काही बोलल्याही नाहीत. नुसत्या बसल्या. संध्याकाळी काकूंनी कानातली फुलं गहाण टाकून पैसे आणून दिले. मी वहीत लिहिलं, 'वसुली पूर्ण'.

तेव्हा त्यात काही खटकलं नव्हतं. आता खटकतं.

नाबार्डने १९९२ मध्ये ५०० बचत गट बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला, तेव्हा कल्पना साधी होती. गरिबाकडे तारण ठेवायला काही नसतं. पण शेजारणींना एकमेकींची खडान्‌खडा माहिती असते. कोण कष्टाळू, कोणाचा नवरा पितो, कोणाची अडचण खरी. हा विश्वासच तारण धरायचा. कल्पना चालली. सावकाराशिवाय दुसरं दार माहीत नसलेल्या बायका बँकेत जाऊन सही करू लागल्या. माझी आई त्यातलीच.

पण तुमच्या फोनचा ईएमआय थकला, तर वर्गमित्र दारात येऊन बसत नाहीत. कर्ज देणारी ॲप्स आपल्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर फोन करतात, तेव्हा आपण त्याला छळ म्हणतो. हेच गरीब बाईच्या बाबतीत घडलं की 'सामाजिक भांडवल' म्हणायचं? गरिबाला जामीन गरिबानेच का राहायचं?

हा प्रश्न हवेतला नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात मायक्रोफायनान्सच्या वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. तिथेही गट होते, शेजारणी होत्या. पण तो शेजार आता कंपनीसाठी वसुली करत होता. मायेचं माणूस पहारेकरी झालं की लाज दुप्पट होते. सावकाराचं तोंड चुकवता येतं, शेजारणीचं कसं चुकवणार?

हे मी आईला म्हटलं, तेव्हा ती चिडली. "आम्ही गेलो नसतो तर बँकेने पुढच्या वेळी कुणालाच दिलं नसतं. आणि पुढच्या महिन्यात गटातून कर्ज देऊन तिची फुलं कोणी सोडवली? आम्हीच ना?"

हे खरं होतं. त्या वहीत तेही माझ्याच अक्षरात आहे. त्या बायका निर्दय नव्हत्या. बँकेने आपला धोका त्यांच्या अंगावर टाकला होता आणि त्यांनी तो जमेल तसा वाटून घेतला होता.

धोका वाटायची दुसरी रीतही आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी वेगळा कार्यक्रम चालवला. गावकरीच जमून कोणतं घर सर्वांत गरीब ते ठरवतात. सुरुवातीच्या वर्षांत त्या घराला कर्ज नव्हतं, आधी गाय किंवा शेळ्या मिळत, काही काळ थोडा रोख आधार, शिकवणी आणि सुमारे दोन वर्षं नियमित भेटी. गावातल्या वजनदार माणसांची समिती त्या घराच्या पाठीशी उभी राहते. याच धर्तीवर सहा देशांत केलेल्या कार्यक्रमांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत थांबल्यावर वर्षानेही बहुतेक ठिकाणी कुटुंबांची स्थिती सुधारलेलीच दिसली.

शेजारी इथेही आहेत, नजरही आहे. पण ती नजर गाय सांभाळली जावी म्हणून आहे, हप्त्यासाठी नाही. पहिला तोटा सोसायची तयारी ज्याच्याकडे आहे त्याने दाखवलेली आहे. अर्थात सगळंच फुकट देता येणार नाही, कर्ज लागणारच. पण साध्या दुकानातला भागीदारसुद्धा नफ्याइतकाच तोट्यालाही बांधलेला असतो. गरिबांसोबतच्या 'भागीदारी'ला आपण एवढी एकच अट घालावी: शेळी मेली, तर तुमचं काय जाईल?

त्या वहीत जमा होतं, खर्च होता, शिल्लक होती. काकूंनी महिनाभर पदर कानांवरून खाली येऊ दिला नाही, ते लिहायला रकाना नव्हता.